चाक सरळ लावतो, पण चढ संपेपर्यंत तिरकं होतं

प्रश्न : माझ्याकडे क्रोमोली स्टीलची, २९ इंची चाकांची सेकंडहँड हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) सायकल आहे. गिअर नाहीत, पुढे ३२ दाती, मागे २० दाती. मागचे ड्रॉपआउट (चाकाचा ॲक्सल बसतो ते फ्रेमचे तुकडे) सरकते आहेत आणि १२ मिमीचा थ्रू-ॲक्सल (हबमधून आरपार जाऊन आट्यांत बसणारा) आहे. वेताळ टेकडीवर दोन चकरा झाल्या की चेन ढिली पडते, टायर पुढच्या बाजूने डावीकडे झुकतो आणि डिस्क घासायला लागते. उभं राहून पेडल मारलं की मागून करकर येते. ॲक्सल काढता-घालताना अडकतो. एका दुकानात बोल्टखाली दोन-दोन वायसर घालून दिले, उपयोग झाला नाही. दुसऱ्या दुकानात 'टाका मारून टाकू' म्हणाले. ड्रॉपआउटला सरकायला एकूण १६ मिमी जागा आहे, सध्या तो पुढच्या टोकापासून ५ मिमी मागे आहे. मागे १८ दाती लावायची आहे, २.६ इंची टायर घालायचा आहे. मुळात हे पुढे-मागे करून चालवण्यात काय फरक पडतो? आणि पुढे कधी गिअर लावता येतील का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : टाका मारायला गाडी देऊ नका, एवढं आधी. सरकणारा तुकडा बऱ्याच फ्रेमवर ॲल्युमिनियमचा असतो आणि फ्रेम स्टीलची. त्या दोघांना वेल्ड बसतच नाही. तुकडा स्टीलचा असला आणि टाका बसला, तरी चेनचा ताण धरायची सोय कायमची गेली. बिनगिअरच्या गाडीवर ताण घ्यायला डिरेलर (गिअर बदलणारा आणि चेन ताणून धरणारा भाग) नसतो, म्हणून तर हे सरकते ड्रॉपआउट असतात.

ड्रॉपआउटची ही जोडी एकसंध नाही. उजवा तुकडा वेगळा, डावा वेगळा. आपण त्यांना स्लायडर म्हणू. प्रत्येक स्लायडर फ्रेमच्या सपाट पृष्ठभागावर दोन बोल्टांनी दाबून धरलेला असतो, बोल्ट लांबट खाचांतून जातात. शिवाय बहुतेक रचनांत पुढून एक बारीक स्क्रू असतो, तो स्लायडरला मागे ढकलतो. पुष्कळांची समजूत अशी की चाक हा स्क्रू धरून ठेवतो. तसं नाही. स्क्रू जागा ठरवायला आहे. धरून ठेवतात ते दोन बोल्ट, आणि तेही केवळ दोन पृष्ठभागांमधल्या घर्षणाच्या जोरावर.

त्या घर्षणावर किती भार येतो बघा. ७० किलोचा माणूस चढावर उभा राहिला आणि १७५ मिमीच्या आडव्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) नुसतं वजन टाकलं, तर ३२ दातीच्या चेनरिंगची (पुढच्या दातेरी चक्राची) त्रिज्या साधारण ६५ मिमी असल्यामुळे चेनवर जवळजवळ १९० किलोची ओढ येते. हँडल खेचून जोर लावला तर आणखी. चेन मध्यरेषेपासून ५० मिमीच्या आसपास उजवीकडे असल्याने ओढीतले पाचातले चार वाटे उजव्या स्लायडरवर पडतात. तो पुढे सरकला की ॲक्सल तिरका होतो आणि टायरचं पुढचं टोक डाव्या चेनस्टेकडे (पेडलपासून मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या नळीकडे) जातं. तुम्ही लिहिलंय तेच.

डाव्या बाजूचा प्रकार उलटा. मागचा ब्रेक लावला की जमीन चाकाला मागे ओढते, आणि कॅलिपर (डिस्क पकडणारा ब्रेकचा चिमटा) डाव्या स्लायडरवर बसलेला असल्याने त्याला पीळही बसतो. मागे जाण्याला तो पुढचा स्क्रू काहीच करू शकत नाही, त्याला फक्त ढकलता येतं. त्यामुळे उतारावर जोरात ब्रेक मारून डावा स्लायडर मागे आणि चढावर उजवा पुढे, असं दोन्हीकडून चाक एकाच दिशेला फिरतं. स्क्रू घट्ट केला तरी चाक तिरकं होतं, असं सांगणाऱ्यांनी बहुतेक वेळा डावीकडे बघितलेलंच नसतं.

तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की बोल्टांचा दाब का टिकत नाही. तुमच्या वर्णनावरून तीन संशयित आहेत.

पहिला पेंट. फ्रेम पावडर कोट करताना स्लायडर बसतो ती जागा झाकायची राहिली असेल, किंवा आधीच्या मालकाने पुन्हा रंगवून घेतली असेल, तर स्लायडर धातूवर नाही, पेंटच्या थरावर दाबला जातोय. हे बोल्ट आखूड असतात. पुरता आवळलेला असा बोल्ट ताणून ताणून किती ताणेल, तर मिलिमीटरच्या तीन-चार शतांशाएवढा, डोक्याच्या केसापेक्षाही कमी. पावडर कोटचा थर याच्या दुप्पट तरी असतो. दाबाखाली पेंट हळूहळू चेपतो, पसरतो, आणि तो तेवढासा चेपला की बोल्टातला सगळा ताण गेला. पाना लावून बघितला तर बोल्ट 'घट्टच' वाटतो, पण दाब राहिलेला नसतो.

दुसरा संशयित ते दोन-दोन वायसर. एकावर एक चकती म्हणजे चेपणारा आणखी एक सांधा. त्यात हार्डवेअरच्या दुकानातले मऊ वायसर असतील तर ते बशीसारखे वाकतात. मूळ रचनेत असेल तेवढाच, एकच, कडक आणि सपाट वायसर ठेवा. पण तो जादा वायसर का घातला असेल याचाही विचार करा. कधी कधी बोल्ट बदललेला असतो आणि नवा लांब निघतो. आटे आरपार नसतील तर त्याचं टोक भोकाच्या तळाला टेकतं. पाना कडक लागतो, पण स्लायडर मोकळाच. भोक आरपार असेल तर टोक आत डिस्कच्या बाजूला डोकावतं. स्लायडर न लावता बोल्ट हाताने पूर्ण आत फिरवा, किती आत जातो ते मोजा आणि स्लायडर अधिक वायसर यांच्या जाडीशी ताडून बघा. आट्यांमध्ये बोल्टची पकड स्टीलमध्ये किमान बोल्टच्या व्यासाएवढी हवी, ॲल्युमिनियममध्ये दीडपट.

तिसरा ग्रीस. पृष्ठभागांमध्ये ग्रीस गेलं असेल तर घर्षण तिथेच संपलं. आट्यांना ग्रीस हवं, विशेषतः स्टेनलेस बोल्ट असेल तर, नाहीतर तो आट्यांत चिकटून बसतो. दाबाच्या पृष्ठभागाला नको.

आता काम. लागणारं सामान : एलन की, टॉर्क पाना, व्हर्निअर किंवा निदान चांगली स्टीलची पट्टी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना सुती कपडा, आणि कोणत्याही रंगाचं नेलपॉलिश. गाडी स्टँडवर घ्या. उलटी करून ठेवलीत तर हायड्रॉलिक ब्रेकमधली हवा कॅलिपरकडे जाऊ शकते. सरळ केल्यावर लिव्हर दहा-वीसदा दाबून कडक येतोय ना ते बघितल्याशिवाय निघू नका. चाक काढल्यावर पॅडमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा घाला, म्हणजे चुकून लिव्हर दाबला गेला तरी पॅड एकमेकांना चिकटणार नाहीत.

चाक काढा, बोल्ट काढा, दोन्ही स्लायडर बाहेर घ्या आणि कोणता उजवा, कोणता डावा ते मागे लिहून ठेवा. पृष्ठभाग उजेडात धरा. जिथे घासून चकाकी आलीय तिथे तो सरकतोय. खाचेच्या कडेला बोल्टच्या डोक्याने खड्डा पाडलाय का, स्लायडरला केसासारखी भेग आहे का, हेही याच वेळी बघा. भेग दिसली तर पुढचं सगळं थांबवा आणि नवा स्लायडर मिळवा. दिसायला सारखे असलेले दोन कंपन्यांचे स्लायडर सहसा अदलाबदलीचे नसतात. बोल्टांमधलं अंतर मोजून, फ्रेमचं नाव सांगूनच मागवा.

फ्रेमवर स्लायडर टेकतो तेवढ्या जागेतला पेंट खरवडून काढा. धारदार सपाट पट्टी आणि बारीक पॉलिश पेपर पुरे. कानस लावून धातू उतरवू नका, पृष्ठभाग वाकडा झाला तर दुखणं वाढेल. स्टील उघडं पडणार म्हणजे पुण्याच्या पावसात गंज आलाच, तेव्हा काम झाल्यावर स्लायडरच्या कडेने बाहेरून मेणाचा किंवा फ्रेम-वॅक्सचा हात फिरवा. आत नाही. मग दोन्ही पृष्ठभाग अल्कोहोलने पुसा. कपडा काळा येणं थांबेपर्यंत पुसा, एकदा पुसून भागत नाही.

इथे हवी असल्यास एक युक्ती वापरा. कार्बन सीटपोस्टसाठी मिळते ती बारीक रवाळ पेस्ट नखावर मावेल एवढीच घ्या आणि दोन्ही पृष्ठभागांवर पातळ पसरवा. पकड वाढते आणि धातूवर धातू घासून येणारी करकरही बंद होते. काही फ्रेम कंपन्या करकर थांबवायला पातळ ग्रीस सांगतात. तुमच्या फ्रेमच्या मॅन्युअलमध्ये तसं असेल तर ते ऐका, पण जी गाडी आधीच सरकतेय तिला आम्ही पेस्टच लावू.

आता जोडणीचा क्रम, आणि तुमचं निम्मं दुखणं इथेच आहे. बहुतेक जण स्लायडर आधी आवळतात आणि मग ॲक्सल घालायला जातात. दोन स्लायडर स्वतंत्र असल्याने त्यांची भोकं एका रेषेत येतील याची काहीच खात्री नसते. मग ॲक्सल अडकतो, जोर लावला की आटे मरतात. म्हणून उलट करा. बोल्ट इतपतच लावा की स्लायडर पडत नाही पण अंगठ्याने सरकतो. चाक बसवा, ॲक्सल घाला आणि त्यावर छापलेल्या आकड्याइतका पूर्ण आवळा. आता हबच्या दोन टोकांनी दोन्ही स्लायडर एकमेकांना समांतर धरलेत. ते एकच तुकडा झालेत. या अवस्थेतच पुढचं सगळं करायचं.

चेनचा ताण दोन्हीकडच्या स्क्रूंनी द्या. स्क्रू एम५ असेल तर पूर्ण एका फेऱ्यात ०.८ मिमी, एम६ असेल तर १ मिमी. दोन्हीकडे सारखेच फेरे, मोजून. क्रँक हळूहळू फिरवा. चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते, कारण चेनरिंग नेमकी मध्यावर बसलेली क्वचितच असते. जिथे चेन सर्वांत ताठ होते तिथे थांबा आणि मधोमध बोटाने वर-खाली करा. एकूण हालचाल १० ते १२ मिमी हवी. ढिल्या जागी बघून ताण दिलात तर ताठ जागी चेन तारेसारखी होईल, हबची बेअरिंग रडतील आणि पेडल फिरवताना एक जड ठोका जाणवेल. उलट ताठ जागी १२ मिमी धरून ढिल्या जागी २५ मिमी झोल दिसत असेल, तर दोष चेनरिंगचा आहे: तिचे बोल्ट किंचित सैल करून तिला अलगद ठोकत मध्यावर आणा.

मग चाक सरळ करा. टायरवरून मापू नका, टायरचे कंगोरे आणि शिवण फसवतात. रिमची कड ते दोन्ही चेनस्टे, आणि रिमची कड ते दोन्ही सीटस्टे (सीटखालून मागच्या ॲक्सलकडे उतरणाऱ्या नळ्या), अशी चार मापं घ्या. दोघांनी मिळून काय सांगतात ते महत्त्वाचं. चेनस्टेजवळ रिम एका बाजूला आणि सीटस्टेजवळ बरोबर मध्ये असेल, तर स्लायडर मागेपुढे आहेत. दोन्हीकडे सारखीच आणि एकाच दिशेला सरकलेली असेल तर स्लायडरला हात लावू नका, चाकाची डिश चुकलीय, म्हणजे रिम हबच्या मध्यावर नाही, स्पोकचं काम आहे. आणि फक्त सीटस्टेजवळ चूक दिसत असेल तर ॲक्सलचं एक टोक वर आहे, म्हणजे एखादा स्लायडर खाचेत तिरका बसलाय. हे तीन वेगळे आजार आहेत, तरी सगळ्यांवर एकच औषध म्हणून स्क्रू पिळला जातो.

दुरुस्ती किती करायची याचंही माप आहे. २९ इंची रिमची त्रिज्या ३११ मिमी, हबची रुंदी १४८ मिमी (बूस्ट नावाचा रुंद हब असेल तर). म्हणजे एक स्लायडर १ मिमी पुढे गेला की चेनस्टेजवळ रिम साधारण २ मिमी बाजूला जाते. रिम १ मिमी हलवायची तर स्लायडर अर्धा मिमी, एम५ स्क्रूचा अर्ध्याहून जरा जास्त फेरा. पाव फेऱ्याने पुढे जा, घाई नको. व्हर्निअरने स्लायडरची मागची कड ते फ्रेमची कड हे अंतर दोन्हीकडे घेऊन कागदावर लिहून ठेवा. रिम मध्यावर आली तेव्हाचे हे दोन आकडे म्हणजे तुमच्या गाडीची कुंडली. ते एकमेकांशी जुळतीलच असं नाही, फ्रेम हाताने जोडलेली असते. पुढच्या वेळी रिम मोजत बसण्याऐवजी हा फरक कायम ठेवला की झालं.

आता बोल्ट. चौघांना आळीपाळीने, उजवा-डावा-उजवा-डावा, आधी निम्म्या टॉर्कला आणि मग पूर्ण. एकच बाजू एकदम पूर्ण आवळली तर बोल्ट फिरताना स्लायडरलाही बरोबर ओढत नेतो. आकडा फ्रेम कंपनीचाच घ्या, तो मॅन्युअलमध्ये किंवा स्लायडरवर कोरलेला असतो. सेकंडहँड गाडीचं मॅन्युअल सापडत नसेल तर निदान आवाक्याचा अंदाज असू द्या: डोक्यावर ८.८ कोरलेल्या एम६ बोल्टला १० न्यूटन-मीटरच्या आसपास आणि एम८ला २५ च्या आसपास, हे यंत्रकामाच्या तक्त्यातले कोरड्या आट्यांचे आकडे. आट्यांना ग्रीस असेल, स्टेनलेस बोल्ट असेल किंवा आटे ॲल्युमिनियममध्ये असतील तर याहून कमी. हाताच्या अंदाजाने 'अजून जरा' करू नका. आटे गेले की दुरुस्तीला हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे) लागतं. शेवटी ढकलणारे स्क्रू नुसते टेकवा आणि त्यांचे लॉकनट घट्ट करा.

लगेच एक परीक्षा घ्या. ॲक्सल पूर्ण काढा आणि परत घाला. नुसत्या बोटांनी, पान्याशिवाय, आटे धरेपर्यंत आणि पुढे गुळगुळीत फिरला पाहिजे. अडकला तर बोल्ट सैल करून ॲक्सल आवळण्यापासून पुन्हा सुरू करा. जोर लावून आत घातलेला ॲक्सल तात्पुरता बसेलही, पण स्लायडर एकमेकांशी भांडतच राहतील.

ब्रेक सगळ्यात शेवटी. कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करा, लिव्हर दाबून धरा, ६ ते ८ न्यूटन-मीटरला आवळा. यात एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. सरकत्या ड्रॉपआउटमध्ये कॅलिपर डाव्या स्लायडरवर असतो, चाकाबरोबरच पुढे-मागे जातो. म्हणजे ताण बदलल्यावर डिस्क घासायला नको. दर वेळी घासत असेल आणि दर वेळी कॅलिपर हलवून तुम्ही ते 'जुळवत' असाल, तर डावा स्लायडर तिरका बसल्याचं ते लक्षण आहे.

चौघा बोल्टांच्या डोक्यापासून स्लायडरवर आणि स्लायडरपासून फ्रेमवर नेलपॉलिशची एकेक रेघ ओढा. १०–१५ किलोमीटर चालवून झाल्यावर टॉर्क पुन्हा तपासा, पहिल्या फेरीत थोडा उतरतोच. त्यानंतर रेघ तुटली आहे का एवढंच बघायचं. बोल्टवरची रेघ तुटली तर बोल्ट सैल होतोय, तेव्हा आट्यांना निळा थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) लावा. बोल्ट जागेवर पण स्लायडर-फ्रेममधली रेघ तुटली, तर दाब अपुरा आहे किंवा पृष्ठभाग अजून साफ नाही.

करकरीबद्दल एक सावधगिरी. आवाज मागूनच येतोय असं वाटतं आणि निघतो पेडलमधून, फ्रेम नळीसारखी आवाज वाहून नेते. बसून पेडल मारताना येतो आणि उभं राहिल्यावर जातो, तर सीटपोस्ट बघा. तुमचा उभं राहिल्यावर येतो, म्हणजे ड्रॉपआउटवरचा संशय रास्त आहे, पण पेडलचे आटे आणि ॲक्सलचं तोंडही पुसून ग्रीस करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

आता १८ दातीचं गणित. चेनची एक कडी १२.७ मिमी. स्प्रॉकेटचे (मागच्या दातेरी चक्राचे) दोन दात कमी केले की चेन एका कडीने, म्हणजे १२.७ मिमीने, जास्त होते. हा झोल वरच्या आणि खालच्या अशा दोन पदरांत वाटला जातो, म्हणून ॲक्सल त्याच्या निम्मा, ६.३५ मिमी मागे न्यायचा. एका दाताला साधारण ३.२ मिमी हा हिशेब पाठ ठेवा. तुम्ही ५ वर आहात, जाल ११.३५ वर. चेन तोडायची गरज नाही. मागे ४.६५ मिमी उरतात. तुमची चेन साधारण ९४ कड्यांची, १.२ मीटरच्या आसपास असेल; ती ०.७५ टक्के झिजली की ९ मिमी लांब होते, ॲक्सलला ४.५ मिमी लागतात. म्हणजे चेन बदलायच्या दिवसापर्यंत जागा जेमतेम पुरते. अर्थात आत्ताची चेन नवी असेल तर. आधीच झिजलेली असेल तर १८ दातीबरोबर चेनही नवी घ्या, झिजलेली चेन नव्या स्प्रॉकेटचे दात खाते.

चेन तोडून चाक पुढे आणता येईल का, हा पुढचा प्रश्न येणारच. साध्या चेनमधून आतली-बाहेरची अशी जोडीच काढावी लागते, २५.४ मिमी. ॲक्सल १२.७ मिमी पुढे जाईल. ११.३५ मधून ते वजा केले तर खाच संपून वर १.३५ मिमी कमी पडतात. नाही जमत. हाफ-लिंक (एक टोक अरुंद, दुसरं रुंद अशी सुटी कडी) घातली तर मात्र एकच कडी कमी करता येते आणि चाक परत ५ वर येतं. एक हाफ-लिंक चालते. सगळी चेनच हाफ-लिंकची घेऊ नका, लवकर ताणते. याच हिशेबातून दिसतं की खाच १२.७ मिमीपेक्षा लहान असेल तर काही दात-जोड्या हाफ-लिंकशिवाय बसणारच नाहीत, आणि वर झिजेसाठी ३–४ मिमी हवेत. तुमची १६ मिमी जागा अगदी कामाची आहे.

चालवण्यात फरक किती? सगळं वजन पेडलवर आहे असं धरून, ४३० मिमी चेनस्टे आणि ११७० मिमी व्हीलबेस असताना पुढच्या चाकावर साधारण ३७ टक्के वजन येतं. मागचं चाक १६ मिमी मागे नेलं तर ते एका टक्क्याच्या आसपास वाढतं. ऐकायला काहीच नाही. पण उभ्या चढावर पुढचं चाक तरंगायला लागतं त्या क्षणी हा टक्का कळतो. मागे नेलेली गाडी बसून चढते, पुढचं चाक जमीन धरून राहतं. पुढे घेतलेली गाडी दगडावरून पुढचं चाक चटकन उचलते आणि आखूड वळणात लवकर फिरते. साल्सा कंपनीची टिंबरजॅक सायकल घ्या: तिच्या काही वर्षांच्या फ्रेमवर असेच बदलते ड्रॉपआउट आहेत आणि चेनस्टे ४२० ते ४३७ मिमी होतो, या दोन टोकांना गाडीचा स्वभाव वेगळा जाणवतो. मात्र तिथला तुकडा खाचेत सरळ सरकत नाही, एका बोल्टभोवती झुलतो. त्यामुळे ॲक्सल थोड्या कमानीत फिरतो आणि बॉटम ब्रॅकेटची (क्रँक फिरतात त्या बेअरिंगच्या जागेची) उंचीही किंचित बदलते. सर्ली कंपनीच्या कराटे मंकी सायकलला तर स्लायडरच नाही, मागे उघडी लांब खाच आहे आणि चाकच तिच्यात सरकतं. तिथे कॅलिपर फ्रेमवर असल्याने चाक हललं की ब्रेक जुळवणं आलंच. तुमच्यासारख्या स्लायडरचे नावाजलेले कारागीर म्हणजे कॅलिफोर्नियातल्या रिचमंडचे पॅरागॉन मशीन वर्क्स. पुष्कळ छोटे फ्रेमवाले त्यांचेच तुकडे वापरतात.

खरं सांगायचं तर बिनगिअरच्या गाडीवर ही निवड तुमच्या हातात फारशी नसते. चाक कुठे बसायचं ते चेन ठरवते. भूमिती हवी तशी हवी असेल तर आधी दात निवडा, मग हाफ-लिंक, आणि स्लायडरला उरलेले दोन-चार मिमी.

२.६ चा टायर म्हणजे ६६ मिमी, रुंद रिमवर खरोखरच तेवढा भरतो. चेनस्टे मागे जाताना रुंदावत जातात, त्यामुळे १८ दातीसाठी चाक ६ मिमी मागे गेलं की टायरला जागा थोडी वाढेल. जागा मोजायची ती पुढे बॉटम ब्रॅकेटमागच्या अरुंद भागात, टायरच्या बाजूच्या गुठळ्यांपाशी, दोन्हीकडे किमान ६ मिमी. पावसाळ्यात टेकडीची चिकण माती टायरला थर धरून बसते. जागा कमी असेल तर ती पेंट घासून थेट नळीपर्यंत पोचते. मोजताना चाक पुढच्यात पुढे ज्या जागी कधीही बसू शकेल तिथे ठेवून मोजा. उद्या परत २० दाती लावलीत तर चाक ५ वर येणार आहे.

गिअर लावता येतील. उजवा स्लायडर बदलून हँगर (डिरेलर अडकवायचा तुकडा) असलेला घ्यावा लागेल. काही फ्रेमसाठी यूडीएच (अनेक फ्रेमना चालणारा एकसारखा हँगर) बसणाराही मिळतो. त्याचा बोल्ट उलट्या आट्याचा असतो आणि २५ न्यूटन-मीटरला आवळतात, उलट फिरवून तोडणारे कमी नाहीत. डिरेलर स्लायडरवरच असल्याने चाक हलवलं तरी शिफ्टिंग फारसं बिघडत नाही, पण चेनची लांबी बघावी लागते. चाक १६ मिमी मागे गेलं तर चेनला ३२ मिमी जास्त लागते, एका जोडीपेक्षाही जास्त. पुढच्या टोकाला मापून कापलेली चेन मागच्या टोकाला सर्वांत मोठ्या स्प्रॉकेटवर टाकली तर डिरेलर ताणून हँगर मोडतो. म्हणून चाक सर्वांत मागे ठेवूनच चेन कापायची, आणि ब्रेकची नळी व गिअरची आउटर केबलसुद्धा त्याच टोकाला पुरते का ते आधी बघायचं.